अस्वलाने थांब म्हटलं होतं

ती घटना आता आपण विसरलो, असं मला अधूनमधून वाटतं. मग नेमकं कुठल्यातरी वाढदिवसाला किंवा दुकानाच्या उद्घाटनाला कोणीतरी अस्वलाचं सोंग घेऊन दारात उभं असतं, आणि माझं जेवणातून लक्ष उडतं. बायको म्हणते, "निवृत्त झालात ना? आता तरी सोडा." सोडलं असतं हो. नोकरीत खून पाहिले, दंगली पाहिल्या, आणि त्यातलं बरंचसं सुटलं. हे एक सुटलं नाही.

नावं कोणाचीच देणार नाही. त्या मुलीला छकुली म्हणतो, वऱ्हाडात घरोघरी एक छकुली असतेच.

मी तेव्हा अमरावती शहरातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या होत्या आणि रविवार होता. रविवारची सकाळ म्हणजे ठाण्यात शनिवारचं उष्टं काढायचं काम. दारू पिऊन भांडलेले दोघे बाकावर एकमेकांना टेकून झोपलेले, ठाणे अंमलदार स्टेशन डायरी लिहितोय, कूलरमध्ये पाणी कोण टाकणार यावरून दोन शिपायांची कुरकूर चाललेली. दुपार होता होता दोन बायका आत आल्या. एक सत्तरीची, एक तिशीची. तिशीतल्या बाईच्या हातात जेवणाचा डबा होता, न उघडलेला. तो डबा तिने नंतर दिवसभर खाली ठेवला नाही.

"साहेब, माही पोट्टी सापडून नाई राहिली," ती म्हणाली.

हकिकत अशी. दोघी सासू-सुना, वलगावच्या. सात वर्षांच्या मुलीला घेऊन सकाळचं बालनाट्य पाहायला शहरात आलेल्या. नाटक जंगलातल्या प्राण्यांचं. आपल्याकडे बालनाट्य संपलं की मुलांना रंगमंचावर बोलावतात, मुलं ससा-अस्वलाबरोबर नाचतात आणि आईबाप खालून मोबाईल उंच धरून उभे राहतात. छकुलीही वर गेली. पडदा पडला, बाकीची मुलं उतरली, छकुली उतरली नाही. अंगात पिवळा फ्रॉक, गळ्यात शाळेची पाण्याची बाटली.

अल्पवयीन मूल बेपत्ता झालं की वाट पाहत बसायचं नसतं, अपहरणाचाच गुन्हा दाखल करायचा. तो केला. नियंत्रण कक्षाला कळवलं, बसस्थानक आणि बडनेरा रेल्वे स्टेशनला वर्णन गेलं, नाकाबंदी लागली. दोन माणसं नाट्यगृहावर पाठवली. तिथला कॅमेरा फक्त पुढच्या दरवाजावर होता, आणि त्या दरवाजातून छकुली बाहेर पडलेली दिसत नव्हती. मागच्या दाराला कॅमेरा नाही. आपल्याकडे कॅमेरा नेहमी जिथून चोर जात नाही तिथेच लावतात.

मी म्हातारीला विचारलं, "आजी, मुलीचे वडील कुठे आहेत?"

"दौऱ्यावर हाये," म्हातारी लगेच म्हणाली. "नाटकाच्या."

"फोन लावा त्यांना."

"त्याचा फोन लागत नाई."

मी सुनेकडे पाहिलं. कपाळाला टिकली, गळ्यात काळी पोत, आणि नजर डब्यावर. मी मनात म्हटलं, झालं, सापडलं. लहान मूल गर्दीतून गेलं की आधी घरात शोधायचं असतं. नवरा-बायकोचं पटत नाही, बाप पोरीला उचलून नेतो आणि बायका अब्रूपायी लपवतात. अशी किती प्रकरणं हाताखालून गेली होती. मी नंबर घेतला आणि शेवटचं ठिकाण काढायला सांगितलं. उत्तर आलं, नंबर कधीचाच बंद आहे. माझा संशय आणखी पक्का झाला.

तेवढ्यात बाहेर आरडाओरडा झाला. चार-पाच पोरांनी एका माणसाला गचांडी धरून आणलं होतं. नाट्यगृहाबाहेर फुगे आणि भिंगऱ्या विकणारा होता तो. पन्नाशीचा, मुसलमान, सदऱ्याचा खिसा फाटलेला, ओठातून रक्त. "पोट्टी हरवली म्हटल्याबरोबर हा पळाला साहेब! हाच हाये!" पोरं सांगत होती. मी आधी त्या पोरांची नावं-पत्ते लिहून घ्यायला लावले. ते होताच त्यातले तिघं आपोआप गायब झाले. मुलं पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवांनी तेव्हा लोकांची डोकी फिरलेली होती. फुगेवाल्याला आत बसवलं, पाणी दिलं.

"पळालास काहून?" मी विचारलं.

तो ओठ पुसत म्हणाला, "साहेब, बच्ची गुम झाली म्हटलं की लोकं पयले कोनाकडे पायतात? फुगेवाल्याकडे. मले माहीत हाये ना. मार खायले थांबू काय?"

"पोरगी पाहिलीस?"

"पाहिली ना. पिवळा फ्रॉक. मी बाजूच्या दारातून नळावर पानी भरायले गेलतो. ते दार उघडंच होतं. आत पडद्याच्या बाजूले बच्ची भालूचा पंजा धरून उभी होती. 'बाबा, घरी चाला, बाबा, घरी चाला,' म्हणून राहिली होती. मी म्हटलं, भालूच्या आत तिचा बाप असन. बाप-बेटीच्या मधात मी कशाले पडू?"

मी उठलोच. सगळं जुळत होतं. बाप नाटकात आहे, बाप अस्वल आहे, बापाने पोरगी नेली. बायकांना बसवलं होतं त्या खोलीत जाऊन जरा चढ्या आवाजातच विचारलं, "तुमचे मालक दौऱ्यावर आहेत म्हणता. याच नाटकात आहेत ना? अस्वलाचं काम तेच करतात ना?"

म्हातारीने तोंडाला पदर लावला. सुनेने पहिल्यांदा वर पाहिलं.

"साहेब," ती म्हणाली, "अस्वलाचं काम करणारे माणूस गेले. वर्ष होऊन गेलं. वरूडले प्रयोग करून येताना मोटरसायकलले अपघात झाला. जागेवरच गेले."

तिने गळ्यातली पोत मुठीत धरली. "हे बी पोरीसाठीच घालून ठेवलं हाये. टिकली बी."

मग सगळं बाहेर आलं. नवरा विजेच्या मोटारी दुरुस्त करायचा आणि सुट्टीच्या दिवशी नाटक. हौसच मोठी. अस्वलाचं डोकं त्याने स्वतः घरी बनवलं होतं, कागदाच्या लगद्याचं. लगदा कालवायला छकुली बसली होती आणि एक कान तिने चिकटवला होता. तो वाकडा बसला. बापाने तो तसाच ठेवला. प्रत्येक प्रयोगाला हे कुटुंब डबा घेऊन वलगावहून यायचं, आणि शेवटी छकुली रंगमंचावर जाऊन वाकड्या कानाच्या अस्वलाचा पंजा धरायची. हीच त्यांची सहल. अपघात झाला तेव्हा ती हिवरखेडला मावशीकडे होती. तापाने फणफणलेली. परत आली तोवर घरातलं सगळं आटोपलं होतं.

"आई म्हणे, बाबा दौऱ्यावर गेला असं सांगू," सून सासूकडे पाहत म्हणाली. "मी म्हटलं, दोन-चार दिवसांनी सांगू. मंग शाळा सुरू झाली. मंग दिवाळी आली. सांगाचा दिवसच नाई आला साहेब."

"आणि आज?"

"रस्त्यावर नाटकाचा फलक पायला तिनं. अस्वलाचा फोटो. बाबाचं नाटक आलं म्हणून घरभर नाचली. मले वाटलं, दुसरं कोनी काम करत असन, वेगळं दिसन, तिले आपोआपच समजन. माह्या तोंडून सांगा नाई लागणार." तिने डबा दुसऱ्या हातात घेतला. "पण डोकं तेच होतं. कान तोच होता."

मला त्या दोघींचा राग आला होता, मी खोटं कशाला बोलू! आमचा मोलाचा वेळ बंद पडलेल्या नंबरामागे गेला होता. पण रागवायचं कोणावर? वर्षभर त्या घरात एकच वाक्य बोललं गेलं होतं, म्हातारीच्या जिभेवर ते देवाच्या नावासारखं बसलं होतं. मी विचारलं आणि ते बाहेर पडलं. ठाण्यात आलेला माणूस पहिल्यांदा जे सांगतो ते बहुधा घरात ठरलेलं असतं. त्याच्या मनातलं दुसऱ्या खेपेला येतं.

नाटकमंडळी एव्हाना अकोल्याला पोचली होती. संध्याकाळचा प्रयोग तिथे होता. दिग्दर्शकाला फोन लावला. तो म्हणाला, आमच्या बसमध्ये मूल नाही, आईशपथ नाही. अकोल्याच्या पोलिसांना कळवलं. त्यांनी बस पाहिली, नेपथ्याचा टेम्पो ताडपत्री उचलून पाहिला, हाका मारल्या. कुठेच काही नाही. मी वरिष्ठांची फोनवर परवानगी घेतली, दोघींना गाडीत घातलं आणि निघालो. मूर्तिजापूर गेलं, बोरगाव मंजू गेलं. अकोल्याचं मे महिन्यातलं ऊन ज्याने पाहिलंय त्याला सांगायला नको. खिडकीतून झळा येत होत्या आणि मला एकच सुचत होतं, ही पोर कुठे उन्हात असेल तर काय.

अकोल्याच्या नाट्यगृहाबाहेर आईबाप मुलांना घेऊन यायला लागले होते. कुल्फीवाले होते, पोरांची किलबिल होती. आमच्या गाडीत ती माय डबा धरून बसलेली. मी तिला म्हटलं, इकडे पाहू नका. सांगून काय उपयोग, ती पाहतच होती.

अस्वलाचं काम करणारा माणूस मला रंगपटात भेटला. तिशीचा, औषधाच्या दुकानात कामाला, मेलेल्याचा जिवलग मित्र. काळं केसाळ सोंग गळ्यापर्यंत चढवलेलं, डोकं बाजूला खुर्चीवर. त्याचा एक कान खरंच वाकडा होता.

"ती पोरगी तुला भेटली?"

"नाही साहेब, म्हणजे हो, पंजा धरला तिनं, सगळेच पोट्टे धरतात, मंग मी निघून गेलो." माझा प्रश्न संपायच्या आत त्याचं उत्तर संपलं होतं. इतकं तयार उत्तर खरं बोलणाऱ्याजवळ नसतं. त्याला वेळ लागतो, आठवावं लागतं.

मी खुर्ची ओढून त्याच्या समोर बसलो. ओरडलो नाही. एवढंच म्हटलं, "तिची माय बाहेर गाडीत आहे. बोलावू?"

तो ढसाढसा रडायला लागला.

"साहेब, पोरीनं मले 'बाबा' म्हटलं. घरी चाला म्हणे. मी काय करू? आमचा नियम हाये, पोराईसमोर मुखवटा काढाचा नाई, आवाज काढाचा नाई. अस्वल मुकं हाये नाटकात. हा नियम तिच्या बापानंच केला होता. तो म्हणे, पोरासमोर डोकं काढलं की पोराच्या मनातलं अस्वल मरते."

"मग?"

"मी मान हलवली." हे तो अगदी हळू म्हणाला. "हो म्हणून मान हलवली साहेब. आणि खुणेनं थांब म्हटलं. वाटलं, हिच्या मायले शोधून आणतो. तर इकडे फोटोवाले लागले मागं. वापस आलो तं पोरगी नव्हती. म्हटलं, नेली असन तिच्या घरच्यायनं. मंग तुमचा फोन आला आणि मी घाबरलो. लोकं म्हणतीन, यानंच नेली."

"थांब म्हणालास ते कसं? उठ. करून दाखव."

तो उठला. उजवा पंजा छातीशी नेला, मग हात लांब करून एका बाजूला दाखवलं, मग दोन्ही तळवे खाली दाबले. बस, थांब.

"हे बाजूला काय दाखवलंस?"

"गुहा," तो म्हणाला. "अस्वलाची गुहा. ती पडद्यामागंच उभी असते. तिथी बस म्हटलं." आणि बोलता बोलता त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"कुठे आहे ती गुहा?"

बांबू आणि तरटाची ती गुहा, खाली फळी, फळीला चाकं, आत अस्वलाचं अंथरूण, तोंडावर पडदा. तो परत येईपर्यंत हमालांनी लोटत नेऊन टेम्पोत चढवलेली. अकोल्याच्या नाट्यगृहाचं मागचं दार अरुंद, तिथे गुहा आत जात नसे म्हणून ती टेम्पोतच ठेवायचे. आणि टेम्पो मागच्या बाजूला उभा होता, कडुनिंबाखाली, पण सावली केव्हाचीच सरकून गेली होती.

आम्ही धावलो. माझ्या पुढे तो अस्वलाचा माणूस धावत होता, त्या सोंगात, अडखळत. ताडपत्री ओढली. आतून भट्टीसारखा वाफारा आला. मी गुहेचा पडदा बाजूला केला.

छकुली गोधडीवर बसली होती, पाठ तरटाला टेकून. फ्रॉक घामाने चिकटलेला, चेहरा लालबुंद, पाण्याची बाटली रिकामी. डोळे अर्धे मिटलेले होते, पण ती शुद्धीवर होती. मी उचलायला हात पुढे केले तर तिने पाय आखडून घेतले.

"मी नाई येत," ती म्हणाली. "बाबानं थांब म्हटलं."

अकोल्याच्या पोलिसांनी टेम्पो तपासताना मारलेल्या हाका तिने ऐकल्या होत्या. मुद्दामच ओ दिली नाही. तिला थांबायला सांगितलं होतं ना!

दवाखान्यात सलाईन लागलं. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा वेळ गेला असता तर अवघड होतं. तासाभराने पोर टवटवीत झाली आणि पहिला प्रश्न तोच, "बाबा कुठी हाये?"

म्हातारी सवयीने म्हणाली, "बाई, तो दौऱ्या..."

"आई, बस झालं आता," सून म्हणाली.

तो माणूस वॉर्डाच्या दारात उभा होता. अंगात अजून तेच सोंग, डोकं काखेत. छकुलीची नजर दाराकडे वळलेली पाहताच त्याने घाईघाईने डोकं चढवलं. आजारी बायका, नर्स, सगळे पाहत राहिले. छकुली हसली.

"काढा ते," तिची आई म्हणाली.

अस्वलाने मान नकारार्थी हलवली.

"नियम त्यायचा होता, मले माहीत हाये. त्यायनं घरातच केलता, माह्यासमोर." ती एक पाऊल पुढे आली. "पण पोरगी माही हाये. काढा."

त्याने डोकं काढलं. आत घामाने आणि रडण्याने ओला झालेला एक माणूस होता. छकुलीने त्याच्याकडे पाहिलं, पुष्कळ वेळ पाहिलं, मग आईकडे पाहिलं. आई पलंगावर बसली, पोरीचा सलाईन नसलेला हात हातात घेतला आणि सांगितलं. "बाबा दौऱ्यावर नाई गेला छकुली. बाबा मेला. मोटरसायकलवरून पडला. आता तो येत नाई. मी खोटं बोलली तुह्याशी." एवढ्याच शब्दांत. म्हातारी भिंतीला धरून खाली बसली. मी पोलीस माणूस, खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो. मला ते पाहवेना.

पोर रडली नाही. त्या माणसाला म्हणाली, "काका, ते डोकं घाला."

त्याने आईकडे पाहिलं. आईने मान हलवली. त्याने डोकं घातलं आणि पलंगाजवळ आला. छकुलीने वाकडा कान चाचपला, बोटाने दाबून पाहिला, जणू अजून घट्ट आहे का ते पाहत होती. मग पंजा धरला.

"येतो नको म्हणू," ती अस्वलाला म्हणाली. "तू येतो म्हटलं होतं आणि आलाच नाई. आता जा."

अस्वल गेलं. दाराबाहेर जाऊन तो माणूस जिन्यावर बसला, आणि त्या केसाळ पाठीचे हुंदके आम्हाला आतून दिसत होते. त्यानंतर कुठे छकुली रडायला लागली. आई तिच्याबरोबर रडली. वर्षभराचं रडणं होतं, ते असं थोडक्यात कसं आटोपणार! त्या डब्यातल्या पुऱ्या दुसऱ्या दिवशी मी गाडीत पाहिल्या, आंबून गेल्या होत्या.

परत येऊन मी स्टेशन डायरीत नोंद केली, "बेपत्ता मुलगी सुखरूप मिळून आली." गुन्हा गैरसमजुतीतून दाखल झाल्याचा अहवाल न्यायालयात गेला. कोणावरही कारवाई झाली नाही, करायची तरी कोणावर? फुगेवाल्याला मारणारी पोरं मात्र मी शोधून आणली आणि त्यांना त्याची माफी मागायला लावली. त्याने विचारलं, "बच्ची मिळाली ना साहेब?" मी हो म्हटलं. तो खूश होऊन गेला. बाकीचं मी त्याला सांगितलं नाही.

नोकरीत मी शिकलो ते असं, की खोटं बोलणारे सगळे वाईट नसतात. काही लोक दुसऱ्याच्या मायेपोटी खोटं बोलतात आणि मग ते खोटं पोसत बसतात. त्याची वाढ झाली की ते त्यांनाच आवरत नाही. हरवलेलं माणूस शोधायला पोलीस आहेत. गेलेलं माणूस गेलं, हे सांगायचं काम घरच्यांचंच आहे, आणि ते कोणी त्यांच्याकडून करून घेऊ शकत नाही.

निवृत्तीनंतर मी नातीला घेऊन त्याच मंडळींच्या बालनाट्याला गेलो होतो. त्यांनी नियम बदललाय. आता नाटक संपलं की सगळे प्राणी पुढे येतात, डोकी काढतात आणि मुलांना वाकून नमस्कार करतात. दोन-चार पोरं रडतात, मग गप्प होतात. माझी नातही थोडी रडली.

चार रांगा पुढे मला त्या तिघी दिसल्या. मुलगी उंच झाली होती, दोन वेण्या, मांडीवर जेवणाचा डबा. अस्वलाने डोकं काढून काखेत धरलं तसा सगळ्यांनी त्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहून टाळ्या वाजवल्या. ती एकटी काखेतल्या डोक्याकडे पाहत होती. मुलांना रंगमंचावर बोलावलं तेव्हा ती जागची उठली नाही. मी त्यांना भेटलो नाही, नातीचा हात धरला आणि मागच्या दाराने निघून आलो.